आईची गाणी, मालक वहिनी

माझ्या फोनवर एक फोल्डर आहे. त्याचं नाव ‘आईची गाणी’. नावाखाली बारीक अक्षरात लिहिलंय ‘मालक’, आणि पुढे माझ्या वहिनीचं नाव. आई माझी. जन्म मला दिला तिने. आणि मालक कोण, तर वहिनी! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की हातातली कात्री मी मशीनवर आपटली. दहिवलीला घरातच मी ब्लाउज शिवते. समोर एक गिऱ्हाईक बसलं होतं. त्या बिचारीला वाटलं, आपलंच कापड चुकीचं कापलं.

माझी आई धवलारीण होती. आमच्या भातशेतीवाल्या लोकांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत दर विधीचं गाणं वेगळं असतं. त्या गाण्याला म्हणायचं धवला आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. ती पाटावर बसून एक ओळ म्हणते आणि शेजारी बसलेली बाई तीच ओळ माघारी घेते, म्हणजे परत म्हणते. दर धवल्यात नवरीच्या नावाची जागा असते. ज्या मांडवात आई बसली असेल तिथल्या नवरीचं नाव ती तिथे घालायची, आणि ती नवरी हमखास मान खाली घालून रडायला लागायची.

आईचा एक नियम होता. मांडव नाही तर धवला नाही. घरात बसल्या बसल्या म्हणायचा नाही आणि ऐकायचाही नाही. एकदा मला तिची फार आठवण आली म्हणून मी फोन केला आणि म्हटलं, “आये, एक धवला म्हण ना गं.” तिने मला उडवून लावलं. “मांडव नाय, नवरी नाय, बोलू कसा? खुळी हाय का तू?” मी फोन ठेवला आणि भाजी चिरायला घेतली.

आता या बाईने, म्हणजे वहिनीने, काय केलं ऐका. आई शेवटच्या वर्षी थकली होती, लग्नांना जाणं बंद झालं होतं. तर वहिनीने परसात चार काठ्या रोवल्या, वर आंब्याचे टहाळे टाकले, खाली पाट मांडला आणि म्हणाली, “आये, हा बगा मांडव.” आणि आई बसली! रोज दुपारी बसून एकेक धवला म्हणत गेली आणि वहिनी समोर फोन उभा करून सगळं भरत गेली. हे मला आईच्या तेराव्याला कळलं, तेही बायकांच्या बोलण्यातून. मला नियम, आणि सुनेला चार काठ्यांचा मांडव. तेव्हा मी रडत होते ते कशासाठी, हे माझं मलाच माहीत.

तसं हे दुखणं जुनंच. मी शाळेसाठी लहानपणीच कर्जतला मावशीकडे राहिले, मग इथेच दहिवलीत दिली. माहेर खालापूरच्या बाजूला, टोलनाक्याच्या पलीकडच्या गावात. आई लग्नांना हिंडायची तेव्हा तिच्या शेजारी बसायला मी नव्हते. भावाचं लग्न झालं आणि ती जागा वहिनीने पटकावली. मी माहेरी गेले की आईचं एकच पालुपद, “सुनेनं केलं, सुनेनं आनलं, सुनेला इचार.” वहिनी जेमतेम शिकलेली. पण बचत गटाचं सगळं काम ती फोनवर करते, मीटिंगचे फोटो कुठे कुठे चढवते आणि बायकांना शिकवते. आवाजही गोड. एवढं सगळं एकाच बाईला कशाला द्यायचं, असं मी देवाला अनेकदा विचारलं आहे.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि नातेवाईक एकमेकांना सांगायला लागले, आता आजीच्या जागी मामीच धवला म्हणणार. माझ्या दारच्या मांडवात, माझ्या लेकीच्या हळदीला, माझ्या आईच्या पाटावर वहिनी बसणार? मी तिथल्या तिथे ठरवलं. हळदीला स्पीकर लावायचा आणि आईचाच आवाज वाजवायचा. पाटावर कोणी बसायचं नाही. मुलीलाही आधी सांगायचं नाही, तिला एकदम आजी ऐकू यायला हवी.

वहिनीला मी एवढंच म्हटलं, “आईचं जे काय भरून ठेवलंयस ते मला पाठव.”

“पाठवते की. पन लई मोठ्या फायली हायत, ताई. लिंक देते. त्यापेक्षा तुमी इकडं या, दोन दिस रहा. माज्या फोनवर ऐका.”

“मला ऐकायची नाहीत. मला माझ्याकडे हवीत.”

लिंक आली. उघडली तर पडद्यावर पाटी, ‘तुम्हाला परवानगीची गरज आहे.’ खाली बटण, ‘परवानगी मागा.’ म्हणजे आता माझ्या आईसाठी मी वहिनीकडे हात पसरायचा! नवरा चहा पीत होता, म्हणाला, “दाब की. बटनच हाय, कोनाच्या पाया पडायला नाय सांगितलं.” त्याचं काय जातं बोलायला. मी दाबलं आणि फोन पालथा ठेवून दिला. परवानगी यायला संध्याकाळ झाली. वहिनी म्हणे शेतात होती. असेलही.

आत गेले. गाण्यांची रांगच्या रांग, आणि दर गाण्यापुढे आईचा बारका फोटो, टहाळ्यांखाली बसलेली. पण मी एकही उघडलं नाही. नियम म्हणजे नियम. वहिनीला मोडायचा तर मोडू दे, आईची लेक मी आहे. मला फक्त ते उतरवून घ्यायचं होतं.

आणि ते काही केल्या उतरेना. फोनवर अख्खा फोल्डर उतरवायचं बटणच सापडत नव्हतं. तीन ठिपके दाबले, पुन्हा दाबले. ‘शॉर्टकट जोडा’ असं एक होतं, ते दाबलं आणि फोल्डर माझ्या खात्यात दिसायला लागला. मी नवऱ्याला ऐटीत दाखवलं, “हे बघ, आलं माझ्याकडे.” दुसऱ्या दिवशी सासरच्या शेतावर गेलो, तिथे रेंजचा पत्ता नसतो. सहज बघायला गेले तर फोल्डर गायब, नुसतंच गरगर फिरणारं चाक. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वस्तू तिच्याच घरात होती, मला फक्त तिच्या दाराची वाट दाखवली होती. बांधावर बसून मी त्या फोनला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

मग नवऱ्याचा जुना, बॅटरी गेलेला लॅपटॉप काढला. त्यात बटण सापडलं. दाबलं की तो म्हणायचा, झिप करत आहे. पडद्यावरची पट्टी भरत जायची आणि मग दहिवलीची वीज जायची. वीज आली की पुन्हा पहिल्यापासून. मी हट्टाने रोज दुपारी बसायचे, एका बाजूला लग्नाचे ब्लाउज, दुसऱ्या बाजूला हे. एकदा तर अगदी काठावर आलं आणि लिहून आलं, ‘अयशस्वी, नेटवर्क त्रुटी.’ मी ओरडले, “मेल्या, आत्ता सांगतोस?” शेजारीण धावत आली, तिला वाटलं घरात कोणी शिरलं.

वहिनीचे फोन सुरूच. “उतरलं का, ताई?”

“उतरतंय.”

“आमच्याकडं लाइनीचं नेट आलंय. लगेच उतरतं बगा.”

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. आमच्या त्या कोपऱ्यातल्या गावात, जिथे एसटीसुद्धा मनाला वाटेल तेव्हा यायची, तिथे आता लाइनीचं नेट! आणि मी कर्जत जंक्शनच्या अंगणात राहून वीज कधी येते म्हणून बसलेली.

“पेनड्राइव्हमदी भरून देऊ का? हे येतील द्यायला,” तिने विचारलं.

“नको. मी बघते माझं.”

“बरं. पन एकदा ऐका त खरं, ताई. हळदीच्या आदी एकदा ऐका.”

“आईचा नियम तू मला शिकवू नकोस.”

तिने फोन ठेवला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेवटी लॅपटॉप पिशवीत घालून स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात नेला. दुकानदार माझ्याकडे ब्लाउज शिवून घेणाऱ्या बाईचा नवरा, त्याने त्याच्या वायफायवर लावून दिलं. फोल्डर मोठा म्हणून झिपचे दोन तुकडे पडले. पहिला उतरला. दुसरा पुन्हा काठावर येऊन मेला. पहिला उघडून पाहिला तर गाण्यांच्या नावांच्या जागी नुसते चौकोन, मराठी अक्षरं सगळी उडालेली. वहिनीने पुढे घातलेले क्रमांक तेवढे शाबूत होते. म्हटलं, चालेल. हळद पहिली, म्हणजे हळदीचा धवला पहिल्याच तुकड्यात असणार. बाकीच्याशी मला काय करायचंय? घरी येऊन मी नवऱ्यापुढे लॅपटॉप ठेवला आणि सांगितलं, “आता मालक मी.”

वहिनीला फोन करून मी सांगून टाकलं, “हळदीला लवकर ये. पण गाण्याचं मनावर घेऊ नकोस, मी सोय केली आहे. तू पाहुण्यासारखी बस.” ती म्हणाली, “बरं, ताई.” तिने एवढं सहज मान्य केलं याचाही मला रागच आला. भांडली असती तर बरं झालं असतं.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी मांडव गच्च भरला. मुलगी पिवळी साडी नेसून बसली. तिच्यासमोर मी आईसाठी पाट मांडला, त्यावर आईचा फोटो ठेवला, बाजूला स्पीकर. वहिनी आली ती मागे बायकांच्या घोळक्यात बसली, हातात डाळीच्या लाडवांचा डबा. कोणी म्हटलं, “मामी, पुढं बस की गं.” ती म्हणाली, “इतंच बरी हाय.” मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हळदीची वाटी घेतली, मुलीच्या गालाला पहिलं बोट लावलं आणि नवऱ्याला खूण केली.

आणि आई आली. खर्रकन् घसा साफ केला, जसा करायची तसाच. मग ती पहिली ओळ, वर चढत जाणारी. म्हाताऱ्या बायांनी पदर तोंडाला लावला. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं, जिंकलं मी. मग ओळ माघारी घेणारा आवाज आला. तो वहिनीचा. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एकटीने धवला होतच नाही, मग माघारी कोण घेणार होतं? आईबरोबर मी वहिनीलाही स्पीकरवर बसवलं होतं. मी दात ओठ खाऊन उभी राहिले.

मग नवरीच्या नावाची जागा आली आणि आईने माझं नाव घेतलं.

मला वाटलं, मला भास झाला. वहिनीच्या आवाजात तेच नाव माघारी आलं. माझं. पुढच्या कडव्यात पुन्हा माझं. हळद कुणाला लागली, मला. पाटावर कोण बसली, मी. मांडवात कुजबूज सुरू झाली, कोणी हसलं, “अगं, ही त आयशीला हळद लागली!” माझी मुलगी तोंडावर हात ठेवून हसत होती आणि रडत होती. माझ्या हातात हळदीची वाटी तशीच होती. मी नवरी असताना माझ्या मांडवात आई बसली होती, तेव्हा मी हे ऐकलं होतं. तेव्हा मला पुढच्या घराची भीती होती, गाण्याकडे लक्ष कुठे होतं?

मांडव नाय, नवरी नाय, बोलू कसा? वहिनीने काठ्या रोवून मांडव केला. नवरी आईने स्वतः आणली होती. रोज दुपारी ती त्या टहाळ्यांखाली मला बसवत होती.

तेवढ्यात गाण्याच्या मधेच फोनची रिंग वाजली. जो तो आपला फोन चाचपायला लागला. पण ती रिंग स्पीकरमधली होती, रेकॉर्डिंगमधलीच. आई गायची थांबली आणि म्हणाली, “बग, लेकीचा फोन आला. बंद कर ते.” आणि आवाज संपला.

आईकडे स्वतःचा फोन नव्हता. मी दुपारी वहिनीच्या फोनवर करायचे. कितीदा मला वाटायचं, वहिनी उचलायला उशीर करते, मुद्दाम करते.

नवरा लॅपटॉपवर खटाखट बटणं दाबत होता. पुढचा भाग वेगळ्या फायलीत भरलेला, आणि ती फाइल त्या दुसऱ्या तुकड्यात, जो उतरलाच नव्हता. मुलीला अर्धी हळद लागलेली, धवला अर्ध्यात तुटलेला, आणि अर्धा धवला सोडून उठायचं नसतं हे मांडवातल्या पोरासोरांनाही ठाऊक. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मला पुढची ओळ येत नव्हती. माझ्या आईचा धवला, माझ्या नावाचा, आणि मला तो येत नव्हता.

मागून वहिनीचा आवाज आला. आई जिथे थांबली होती तिथूनच तिने ओळ उचलली. बसल्या जागेवरून, मांडीवर डबा तसाच. नवरीच्या जागी तिने माझ्या मुलीचं नाव घातलं आणि मांडवाचा श्वास मोकळा झाला. पण ओळ माघारी घ्यायला तिच्या शेजारी कोणी नव्हतं. ती स्वतःच म्हणायची, स्वतःच माघारी घ्यायची, धाप लागत होती तिला. मी गेले, तिचा डबा काढून घेतला, दंडाला धरून तिला पुढे आणलं. आईचा फोटो उचलून मुलीच्या मांडीवर दिला आणि वहिनीला पाटावर बसवलं. शेजारी मी बसले. आवाज माझा फाटका, सूर कुठल्या कुठे जातो. पण ऐकलेली ओळ परत म्हणायला काय लागतं? मी म्हणत गेले.

धवला संपला. बायका पाणी प्यायला, पान खायला लागल्या. मी वहिनीला हळूच म्हटलं, “सांगायचं नाहीस होय गं?”

“सांगत होते की. एकदा ऐका, एकदा ऐका, किती येळा बोलले?”

ती समोर मुलीकडे बघत होती.

“समदे तसेच हायत, ताई. एकूण एक. वरीसभर मी आयेच्या शेजारी बसले, तिचं केलं, आनि रोज दुपारी तुमचं नाव माघारी घेतलं. एकदा मी तिला बोलले, आये, एका गान्यात माजं घाल. त बोलली, तू हायसच की हितं, तुला कशाला?” तिने नाक पुसलं. “मालक म्हनून नाव तेवडं माजं. लई जळायचे मी तुमच्यावर.”

माझ्यावर! मी एवढ्या वर्षांत कधी असा विचारच केला नव्हता की माझ्यावरही कोणी जळत असेल. तिच्या लग्नात धवला तिच्या माहेरच्या धवलारणीने म्हटला होता. माझी आई तेव्हा नवऱ्याकडची होती. म्हणजे आईच्या तोंडून वहिनीचं नाव कधीच धवल्यात आलं नाही, आणि आता येणारही नव्हतं.

पुढचा धवला सुरू झाला. वहिनीने ओळ म्हटली, मी माघारी घेतली. नवरीच्या नावाची जागा आली. तिने मुलीचं नाव घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी माघारी घेताना, चांगला मोठा आवाज काढून, वहिनीचं नाव घातलं.

“अगं चुकलीस! नाव चुकलं!” बायका ओरडल्या. “ही बग, मामीलाच नवरी केली हिनं!”

मी पुन्हा तेच नाव घेतलं. वहिनी पुढची ओळ म्हणायची विसरून गेली.